मदत हवी आहे: पादचारी-सायकल पुलाचा रॅम्प कसा बसवावा?

नदीवर फक्त चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी पूल होतोय, त्यावर आम्ही काही रहिवासी सूचना लिहून देतोय. गाडं अडलंय ते उतारापाशी. १:२० धरला तर ५ मीटर चढायला १०० मीटर रॅम्प लागतो, आणि काठावर तेवढी जागाच नाही. १:१२ केला तर व्हीलचेअरवाल्यांचा दम निघेल. गोल वळवून घेतला तर उतरत्या सायकली वळणावर आवरतील का? (लिफ्टवर माझा भरवसा नाही, ती बंद पडली की पूलच बंद.)

रुंदी ४ मीटर पुरेल, की सायकलींचा पट्टा वेगळा मागावा?

शिवाय लंडनचा मिलेनियम पूल २००० साली लोकांच्या चालण्याने डोलायला लागला आणि बंद करावा लागला. तशी तपासणी आराखड्याच्या कोणत्या टप्प्यावर मागायची? असं काम केलेलं कुणी आहे का इथे?