प्रयोगशाळेतलं बेंच सोडून ग्रुप लीडर व्हावं का? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय

मिरज_जंक्शन

नमस्कार मंडळी,

मी मूळची मिरजेची, वय ३६. बी.फार्म.पासून फार्माकॉलॉजीतल्या पीएचडीपर्यंत सगळं पुण्यात. गेली आठ वर्षं बंगळूरला, अँटिबॉडी औषधं शोधणाऱ्या एका कंपनीत इन-व्हिवो फार्माकॉलॉजी करते. म्हणजे उंदरांना डोस द्यायचा, ठरलेल्या तासाला रक्त काढायचं, एलायझा या चाचणीनं रक्तातली औषधाची पातळी मोजायची, ट्यूमर केवढा झाला ते कॅलिपरनं मोजायचं आणि मग किती डोसला किती परिणाम हे जुळवत बसायचं.

आमच्या ग्रुप लीडर पुढच्या महिन्यात चालल्यात. शुक्रवारी एचआरनं बोलावून ती जागा मला देऊ केली. नऊ माणसं. त्यातले दोघं माझ्यापेक्षा वयानं मोठे, आणि त्यातल्या एकांनीच मला शेपटीच्या शिरेत सुई घालायला शिकवलंय.

भीती सांगते. माझा हात चांगला आहे. (स्वतःच म्हणतेय, पण नवीन पोरं आली की डोसिंग बघायला माझ्याकडेच पाठवतात.) शेपूट कोमट पाण्यानं शेकली की बाजूची शीर वर येते. सुई शिरेला समांतर धरून हलकेच सरकवायची. दट्ट्या अडखळला नाही तर आपण आत आहोत, कातडीखाली पांढरा फुगवटा आला तर चुकलं. हे कळायला मला दोन वर्षं लागली. लीडर झाले की रोज मीटिंग, बजेट, अप्रेझल. हात जाणार. मग मी कोण, उंटावरून शेळ्या हाकणारी?

आई म्हणते पगार वाढतोय ना, मग विचारतेस काय. नवरा म्हणतो तुला हवं ते कर, ज्याचा काही उपयोग नाही.

आणखी दोन शंका. पुढे डायरेक्टर वगैरे व्हायचं तर एमबीए लागतं का? आणि परदेशातला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) नसेल तर गाडी मध्येच अडते का?

---

साडेतीन_शहाणा

घ्या हो. तुम्ही नाही म्हणालात तर बाहेरून कुणीतरी येईल, त्याला उंदीर आणि घूस यातला फरक समजावण्यात तुमचं वर्ष जाईल. अनुभवाचे बोल आहेत, जास्त विचारू नका.

---

टिळक_ब्रिज

अगं-तुगं करते, वयानं बरीच मोठी आहे. दादरची, बावीस वर्षं झाली बॉस्टनजवळ वॉल्थमला. तुझंच खातं बघते, हाताखाली चौदा जण.

आधी हाताचं. जातो. माझा गेला. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी माणूस कमी पडला म्हणून मोठ्या रुबाबात उंदीर धरून ठेवायचा रिस्ट्रेनर घेऊन बसले. पहिल्या तीनपैकी दोन शेपट्या फुगवल्या. मागे चोवीस वर्षांचा पोरगा उभा होता, तो अतिशय सभ्यपणे छताकडे बघत होता. चौथ्याला सुई त्याच्या हातात दिली. घरी येऊन जेवले नाही. तेव्हा तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

पण माझी मोठी चूक सुईची नव्हती, खुर्चीची होती. ती सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

लीडर होऊन पाच महिने झाले होते. कंपनी वेगळी होती, नाव नको. माणसाच्या टार्गेटसाठी, म्हणजे औषध ज्याला चिकटतं त्या प्रथिनासाठी, केलेली एक अँटिबॉडी होती, ती उंदराच्या टार्गेटलाही बऱ्यापैकी चिकटायची. म्हणून प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरांत ट्यूमर मॉडेल लावलं. आठवड्यातून एकदा, १० मिलिग्रॅम प्रति किलो. आता तुला हिशेब सांगायला नको, पण मला तो केल्याशिवाय राहवत नाही. २० ग्रॅमचा उंदीर म्हणजे २०० मायक्रोग्रॅम औषध. त्याचा प्लाझ्मा जेमतेम एक मिली. म्हणजे सुरुवातीला पातळी दोनशेच्या आसपास हवी, आणि अँटिबॉडी सावकाश उतरते, तेव्हा आठवड्यानं पुढच्या डोसच्या आधीसुद्धा चांगली पन्नास-साठ तरी उरायला हवी.

पहिल्या आठवड्यात उरली. तिसऱ्या डोसच्या आधी आठपैकी पाच उंदरांत काहीच नाही. प्लेट माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. हळदीसारख्या पिवळ्या वेल्सच्या (प्लेटवरच्या खळग्यांच्या) रांगा आणि मध्ये पाण्यासारख्या कोऱ्या, प्रत्येक नमुन्याच्या जोडीनं. कारण काही गूढ नव्हतं. उंदराला माणसाचं प्रथिन परकं, त्यानं औषधाविरुद्धच अँटिबॉडी बनवल्या आणि औषध धुऊन टाकलं. पण उरलेल्या तिघांत ट्यूमर इतका बसला होता की गटाची सरासरी बघणाऱ्याला खूश करत होती.

गटातल्या सगळ्यात ज्युनिअर मुलीनं चौदाव्या स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘५/८ मध्ये पातळी नाही’. रिव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या दाराशी आली. आत नाही आली, दाराशीच. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, उद्याचं होऊ दे, मग बघू. वरच्या लोकांसमोर माझी ती पहिली मोठी मीटिंग होती. मला ती गोड व्हायला हवी होती.

झाली गोड. पुढचे सात महिने आम्ही त्या सरासरीवर डोस ठरवत राहिलो. मग दुसऱ्या टीममधल्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं, एकेका उंदराचे आकडे दाखवा बरं. सगळं पहिल्यापासून करावं लागलं. ती मुलगी तोवर नोकरी सोडून गेली होती. जाताना माझ्याशी अगदी नीट बोलली, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्याकडे सरासरीचा आलेख पहिला लावायचा नाही. आधी प्रत्येक जनावराची रेघ वेगळी, त्याखाली त्याची औषधाची पातळी. आणि बोलायला सुरुवात सगळ्यात लहानानं करायची. मी आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, मग कोणी काही सांगत नाही.

आता तुझा हात कशाला लागणार ते सांगते. आकडा जास्तच देखणा दिसला तर तुला शंका येईल ती कुठून? शेपटीत अर्धा डोस गेला तर काय होतं ते तू बघितलंयस म्हणून. बाहेरून आलेल्या मॅनेजरला ‘एका उंदरात पातळी कमी’ हा आकडा दिसतो. तुला त्या उंदराची फुगलेली शेपूट दिसेल. एवढ्यासाठी तरी जागा घे. आणि आठवड्यातला एक दिवस जनावरांच्या खोलीत जाईन हे लेखी घे. तोंडी मिळालेलं मार्चपर्यंत टिकत नाही.

एमबीए नको. तो वेळ पीके-पीडी मॉडेलिंगला (शरीरात औषध किती उरतं आणि त्याचा परिणाम किती, या गणिताला) दे, आणि टॉक्स (औषधाचा विषारीपणा तपासणारे) आणि क्लिनिकलवाल्यांच्या मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर जाऊन बस. अमेरिकेत मी माणसं घेते तेव्हा पोस्टडॉक कुठला ते बघते, खोटं का बोलू. पण त्याहून आधी विचारते, तू कुठलं औषध थांबवलंस आणि कशावरून? याचं उत्तर असलेले फार थोडे भेटतात.

माणसं सांभाळायचीच नसतील तर मोठ्या कंपन्यांत वैज्ञानिकांची वेगळी शिडी असते. हाताखाली कोणी नसताना माणूस डायरेक्टरच्या बरोबरीला जातो. तुमच्याकडे ती कागदावर आहे की खरी आहे ते विचारून घे. त्या शिडीवर आज कोण आहे, नाव सांगा म्हणावं.

---

निवृत्त_ठाणेकर

ताई, मी टॉक्सिकॉलॉजीतला, आता नातवंडं सांभाळतो. वरच्या ताईंनी थांबवण्याचं लिहिलंय त्यात एक भर घालतो. आमच्या पिढीला २००६ चा मार्च विसरता येत नाही.

लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये टीजीएन१४१२ या अँटिबॉडीची माणसांवरची पहिली चाचणी होती. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींवरच्या सीडी२८ या रिसेप्टरला धरून त्या पेशींना जागं करणारं औषध. सहा धडधाकट तरुणांना ते मिळालं, दोघांना नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं. दीड तासाच्या आत सहाही जणांना डोकेदुखी, थंडी, उलट्या सुरू झाल्या. सायटोकाइनचं वादळ म्हणतात ते, प्रतिकारशक्तीच्या पेशी संदेश देणारी प्रथिनं एकदम भरमसाट सोडतात. सहाही अतिदक्षता विभागात, अवयव निकामी होत चाललेले. सगळे वाचले हे नशीब.

आता बघा, डोस किती होता? ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो. माकडांना ५० पर्यंत दिलं होतं, काही झालं नव्हतं. म्हणजे पाचशेपट कमी! कागदावर कोणीही सही केली असती. मीही केली असती, हे मी मुलाखती घ्यायचो तेव्हा उमेदवारांना सांगायचो. मेख अशी की माणसात ज्या मेमरी टी-पेशी पेटल्या, त्याच जातीच्या पेशींवर त्या माकडांत सीडी२८ नसतंच. माकड सुरक्षित होतं कारण त्याच्याकडे कुलूपच नव्हतं. आणि नंतर हिशेब मांडला तेव्हा त्या एवढ्याशा डोसनंसुद्धा माणसातली सुमारे ९० टक्के रिसेप्टर भरली असती असं निघालं. शिवाय पहिल्याला काय होतंय हे न बघता दहा-दहा मिनिटांनी पुढच्याला डोस.

त्यानंतर पहिला डोस ठरवायची रीत बदलली. ‘किती दिलं तर विष होत नाही’ याच्या जोडीला ‘किती कमी दिलं तरी काहीतरी घडतं’ इथून मोजायला लागले, त्याला माबेल म्हणतात. आता ते ‘किती कमी’ कोण सांगणार? टॉक्सवाला नाही. फार्माकॉलॉजीचा लीडर सांगणार. तुम्ही ज्या खुर्चीबद्दल विचारताय, तिथे हा आकडा येतो. बजेट आणि अप्रेझल हे त्या खुर्चीचं भाडं समजा.

परदेशाचं म्हणाल तर भारतात काही घडत नाही अशातला भाग नाही. बायोकॉनची इटोलिझुमॅब २०१३ साली सोरायसिससाठी आपल्याकडे आली, मूळ क्यूबाचं पण पुढचं बरंचसं काम बंगळूरचं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कर्करोगावरच्या कार-टी पेशी-उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. मात्र आपल्याकडच्या पुष्कळशा जागा बायोसिमिलरच्या (आधीच असलेल्या जैविक औषधांसारखीच औषधं बनवण्याच्या) किंवा दुसऱ्यांच्या रेणूंवर कंत्राटी काम करणाऱ्या. तिथे प्रयोग उत्तम होतात, पण पुढे जायचं की नाही ते बाहेर कुठेतरी ठरतं. तुमची कंपनी स्वतःच्या रेणूवर काम करत असेल तर हा मोका सोडू नका.

---

चिनी_हॅम्स्टर

मी शेजारच्या खोलीतला, प्रथिनं बनवून शुद्ध करणारा. एकच सांगतो. लीडर झालात की आमच्याकडून आलेली बाटली डोळे झाकून जनावरात घालू देऊ नका. एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचा कचरा) किती ते विचारा, प्रथिनाच्या गुठळ्या किती ते विचारा. आमच्याकडे एकदा एका बॅचनं भलताच परिणाम दाखवला, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि तो परिणाम अँटिबॉडीचा नव्हताच, त्यात राहिलेल्या बॅक्टेरियाच्या कचऱ्याचा होता. शुद्ध बॅच दिली तर उंदीर ढिम्म. पेढे मीच आणले होते.

---

मिरज_जंक्शन

सगळ्यांचे आभार. टिळक_ब्रिज ताई, तुमची चौदावी स्लाइड वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे अशी एक सातवी स्लाइड आहे. तिच्यावर आत्ता इथे जास्त लिहीत नाही.

आज सोमवार. हो म्हटलं. गुरुवार जनावरांच्या खोलीसाठी मागितला, अर्धा गुरुवार मिळाला, पण ई-मेलवर. शिडीवर कोण आहे विचारलं तर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, सध्या ती जागा रिकामी आहे. कधीपासून विचारलं तर हसल्या.

वयानं मोठे असलेल्या त्या सरांना इतरांकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून जेवणाच्या सुट्टीत गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. ते डब्यातली भाकरी खात होते. मान वर करून म्हणाले, “म्हणजे आता एथिक्स कमिटीच्या फॉर्म बीवर तुझी सही लागणार ना? माझे दोन प्रोटोकॉल महिनाभर पडलेत. आणि दुसऱ्यातली जनावरांची संख्या मला जास्त वाटतेय, सही करायच्या आधी नीट बघ.”

आत्ता तोच फॉर्म घेऊन बसलेय. संख्या जास्तच आहे.