वेस्ट ६७ व्या रस्त्यावरचा डुप्लेक्स: घेण्याआधी काय बघावं?

नमस्कार मंडळी,
मॅनहॅटनमध्ये वेस्ट ६७ व्या रस्त्यावर एक डुप्लेक्स आम्हा दोघांना फार आवडलाय. इमारत महायुद्धाआधीची, को-ऑपची, म्हणजे घराऐवजी इमारतीच्या संस्थेचे शेअर्स घ्यायचे. दोन मजले उंच दिवाणखाना, उत्तरेला भली मोठी खिडकी, घरातच जिना. किंमत ५२ लाख डॉलर सांगतायत. दोघंही मुंबईत सोसायटीत वाढलोय, त्यामुळे को-ऑपची भीती नाही. वर आणखी एक बाथरूम काढायचाही विचार आहे. जाणकारांनी सांगावं.

---

ताई,
त्या खिडकीचा मोह पडणारच! उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, म्हणून चित्रकारांनीच पुढाकार घेऊन १९०३ च्या सुमारास या रस्त्यावर स्टुडिओंच्या को-ऑप इमारती उभ्या करायला सुरुवात केली. अशी घरं आता कोणी बांधत नाही.

पण सोसायटीच्या अनुभवावर विसंबू नका. शेअर्स दोन्हीकडे मिळतात, पुढे वाट वेगळी होते. महाराष्ट्रात १९६० च्या कायद्यानुसार पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. इथलं बोर्ड, म्हणजे को-ऑपची कार्यकारी समिती, मुलाखत घेऊन, टॅक्स रिटर्नपासून शिफारसपत्रांपर्यंत सगळं तपासून, कारण न सांगता नकार देऊ शकतं. वंश-धर्मावरून भेदभाव अर्थातच बेकायदा आहे. व्यवहारानंतर तुमच्या हातात किती रोकड उरते, हेही बारकाईनं बघतात.

माझं ठाम मत: घर पुन्हा बघायला जाण्याआधी इमारतीचे हिशेब वाचा. इमारतीवर स्वतःचं कर्ज असतं, त्याचा हप्ता तुमच्या मेंटेनन्समधूनच जातो. ते कर्ज कधी संपतंय आणि नवं किती व्याजानं मिळेल, ते विचारा. सहा मजल्यांहून उंच इमारतीचा दर्शनी भाग दर पाच वर्षांनी तपासून घ्यावा लागतो. जुन्या विटा आणि दगडी नक्षी असली की दुरुस्तीचा आकडा फुगतो. शिवाय न्यूयॉर्क शहराच्या २०१९ च्या ‘लोकल लॉ ९७’ या कायद्यानं मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनाला मर्यादा घातली, ती २०३० पासून आणखी कडक होईल. इमारत गरम ठेवणारा बॉयलर तेलावर चालतो का, ते बघाच. हा सगळा खर्च शेवटी शेअरधारकांवरच येतो. वकिलांना बोर्डाच्या बैठकांची मिनिट्स वाचायला सांगा. कुरबुरी तिथेच सापडतात.

आणि मॅन्शन टॅक्स, म्हणजे महागड्या घराच्या खरेदीवरचा कर, धरलात ना? ५० लाखांपासून १ कोटीच्या आतल्या किमतीला सव्वादोन टक्के, म्हणजे तुम्हाला १,१७,००० डॉलर. तो खरेदीदारानं भरायचा.

---

काकांच्या उत्तरात बाथरूमचं राहिलं, म्हणून लिहितेय. मी इथे इंटिरियरची कामं करते. खालच्या शेजाऱ्यांच्या बेडरूमवर किंवा हॉलवर नवं बाथरूम बहुतेक बोर्डं काढू देत नाहीत, गळतीच्या धास्तीनं. डुप्लेक्समध्ये ते तुमच्याच खोलीवर येत असेल, तर परवानगी मिळण्याची शक्यता बरीच वाढते. पण बोर्डाचा अल्टरेशन अ‍ॅग्रीमेंटचा, म्हणजे घरातल्या फेरबदलांच्या कराराचा, मसुदा खरेदीच्या करारावर सही करण्याआधी मागवून घ्या. काही इमारतींत आवाजाची कामं फक्त उन्हाळ्यातच करू देतात, मग काम दोन उन्हाळे चालतं. तेवढे दिवस भाड्याच्या घराची सोय आत्ताच धरा, ताई.