मदत हवी आहे: तोफखान्यातल्या गनरची पदकं

नमस्कार मंडळी. इथे लेस्टरला शेजारच्या आजींकडे त्यांच्या वडिलांची चार पदकं आहेत: 1914-15 चा स्टार, ब्रिटिश वॉर मेडल, व्हिक्टरी मेडल आणि इंडिया जनरल सर्व्हिस मेडल. शेवटच्यावर ‘अफगाणिस्तान NWF 1919’ची (NWF म्हणजे वायव्य सरहद्द) पट्टी, मागे खैबर खिंडीजवळचा जमरूदचा किल्ला, फार सुरेख काम आहे. स्टारच्या मागे क्रमांक, नाव आणि ‘गनर, आरएफए’ (रॉयल फील्ड आर्टिलरी, ब्रिटिश मैदानी तोफखाना) एवढंच कोरलंय. बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, कुठेच नाही. सेवेची कागदपत्रं बहुधा 1940 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. पदकांचं इंडेक्स कार्ड मिळालं, त्यावर पहिली रणभूमी फ्रान्स. मग ते सरहद्दीवर कोणत्या बॅटरीबरोबर गेले असतील? आधी इंडिया मेडलची यादी बघू की युद्धदैनंदिन्या (तुकड्यांच्या रोजच्या नोंदी)? आजी नव्वदीला टेकल्यात. कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा.