'मतमोजणी यंत्र' म्हणावं की 'मतदान यंत्र'?

कच्चा खर्डा: एक लेख तपासायला आलाय. त्यात आपल्या ईव्हीएमला सगळीकडे 'इलेक्ट्रॉनिक मतमोजणी यंत्र' म्हटलंय. वर्तमानपत्रांत 'मतदान यंत्र' वाचतो. दोन्ही चालतील का? आणि व्हीव्हीपॅटमधून, म्हणजे दिलेलं मत कागदावर छापून दाखवणाऱ्या जोडयंत्रातून, पडते ती पावती की चिठ्ठी?

दप्तरदार: केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याच निवडणुका काढल्या, म्हणून सांगतो. मतमोजणी यंत्र अमेरिकेत असतं. तिथे बहुतेक ठिकाणी मतदार कागदावर खूण करतो, कागद यंत्रात सरकवतो आणि यंत्र तो वाचून मोजतं. फिलिपीन्सनेही २०१० पासून तीच पद्धत घेतली. आपल्याकडे बटण दाबलं की मत देणं आणि मोजणं एका दमात उरकतं. मोजणीच्या दिवशी टेबलावर कंट्रोल युनिट, म्हणजे यंत्राचा मतं साठवणारा भाग, आणतात, सील दाखवतात, 'रिझल्ट'चं बटण दाबतात. पडद्यावर येतील ते आकडे उमेदवारांचे प्रतिनिधी उतरवून घेतात, एकूण मतं नमुना १७ सी शी, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाशी, ताडून पाहतात. याला मोजणी म्हणायची ती सवयीनं. काम वाचायचं आणि बेरजेचं. तेव्हा 'मतदान यंत्र'च ठेवा.

माळशिरसकर: दप्तरदारसाहेब, मग गावाकडं लोक बिथरतात ते उगाच नाही. आमच्याकडं मोजणी म्हटलं की पहिल्यांदा जमिनीची. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, माणसं बांधावर उभी राहतात, हद्द दाखवतात, पंचनामा होतो. देखत झाली तर मोजणी. यंत्रानं आतल्या आत केलेल्या बेरजेला तोच शब्द लावला, की ऐकणाऱ्याला वाटतं 'आम्ही कुठं बघितली?'

आमच्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ च्या विधानसभेनंतर गावानं ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं जमावबंदी लावली, बेत सोडावा लागला. गंमत बघा, तक्रार करणाऱ्यांचा उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता! गावच्या केंद्रावरचे आकडे त्यांना पटेनात.

दप्तरदार: इथे एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजता येत. अमुक वाडीनं कुणाला मतं दिली हे कळू नये, वाडीवर राग निघू नये, हा हेतू. यंत्र आल्यावर केंद्रवार आकडा उघडा पडला. अनेक यंत्रांची बेरीज एकत्रच दाखवणारं 'टोटलायझर' निवडणूक आयोगानं सुचवलं होतं, ते आलं नाही. म्हणजे मारकडवाडीला शंका घेता आली तीही यंत्रानं गावाचा आकडा वेगळा काढून दिला म्हणूनच. माझ्या मते मिसळणं बरं होतं, पण आता केंद्रवार आकडा लपवायला गेलात तर संशय दुप्पट होईल.

कच्चा खर्डा: पावती-चिठ्ठी राहिलीच.

दप्तरदार: पावती आपण घरी नेतो. ही सात सेकंद काचेआड दिसते आणि खालच्या पेटीत पडते. म्हणून चिठ्ठी. पण 'मतदार चिठ्ठी' नका लिहू, ती यादीतलं नाव आणि अनुक्रमांक असलेली वेगळी.

म्युनिककर: जर्मनीत हा प्रश्न २००९ साली घटना न्यायालयात सुटला. २००५ च्या निवडणुकीत काही भागांत यंत्रं वापरली होती, त्यांत मतदाराला तपासता येईल असा कागद नव्हता. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: मोजणीचे महत्त्वाचे टप्पे कुठल्याही नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आले पाहिजेत. निवडणूक रद्द झाली नाही, पण यंत्रं गेली. इथल्या मतदान केंद्रावर संध्याकाळी कुणीही आत जाऊन कागद मोजताना बघू शकतो. माळशिरसकरांचं 'देखत' ते हेच.

दप्तरदार: म्युनिकमध्ये बूथ ताब्यात घेत नसत हो! शिक्के मारमारून पेट्या भरल्याचं आमच्या पिढीनं ऐकलंय. 'बाद मत' हा शब्द तर तरुणांना टपाली मतांपुरताच माहीत असेल. शिक्का दोन चौकटींच्या मधे पडला म्हणून रात्र रात्र वाद चालत. ते यंत्रानं संपवलं, हे श्रेय द्यायलाच हवं.

मात्र 'फेरमोजणी' हा शब्द यंत्रानं पोकळ केला, हे मान्य. बटण पुन्हा दाबा, तोच आकडा येणार. खरी फेरमोजणी चिठ्ठ्यांची. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्याच मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली. पण नियमानं चिठ्ठ्या मोजल्या आणि यंत्राशी जुळल्या नाहीत, तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

कच्चा खर्डा: म्हणजे शेवटी कागदच श्रेष्ठ?

दप्तरदार: कायद्यात तरी तसंच दिसतं. आणि शब्दावरून भांडण इथे नवं नाही. १९८२ मध्ये केरळच्या परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्रं लावली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विचारलं ते एवढंच की कायद्यातल्या 'बॅलट'मध्ये यंत्र बसतं का. बसत नाही, असा निकाल देऊन त्या केंद्रांवर फेरमतदान लावलं. मग १९८८ मध्ये कायद्यात यंत्राला परवानगी देणारं कलम ६१ अ घालावं लागलं. गोव्यानं १९९९ ची विधानसभा निवडणूक पूर्ण यंत्रांवर घेतली आणि लोकसभेच्या सगळ्या जागा २००४ मध्ये.

माळशिरसकर: खर्डेसाहेब, लेखात 'यंत्राशी छेडछाड' असेल तर ते काढा. हिंदीतून आलंय. आपल्याकडं छेडछाड कॉलेजच्या नाक्यावर होते.

कच्चा खर्डा: 'फेरफार' लिहू?

माळशिरसकर: लिहा, पण तलाठ्याकडं फेरफार ही कायदेशीर नोंद असते, लोक पैसे मोजून करून घेतात! 'गैरफेरफार' म्हणा.

दप्तरदार: एवढं कशाला, 'आकडे बदलले' म्हणा की. आणि कुठली यंत्रं कुठल्या केंद्राला जातील हे संगणकावर ठरतं, त्याला सरकारी पत्रकांत 'सरमिसळ' म्हणतात. तो शब्द लेखात असेल तर बदलू नका. मला तरी आयोगाच्या मराठीतला तो सगळ्यात बरा वाटतो.

कच्चा खर्डा: लेखात तिथे 'यादृच्छिकीकरण' आहे.

माळशिरसकर: अरे देवा.