डिझेल भरलं आणि गाडी बिघडली: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता, गॅरेजवाला (सातारा रस्ता)

पावसाळा लागला की एकाच चालीचे फोन येतात. "आत्ताच टाकी फुल केली, थोडं पुढं आलो आणि गाडी ओढतच नाही. पंपवाल्यानं पाणी घातलं!" घातलं असेलही. पण फिल्टर खोलायच्या आधीच निकाल लागलेला असतो, त्याचा मला कंटाळा आलाय.

ट्रक, टेम्पो, डंपर, काहीही चालेल. गाडी इंजिनावरच्या जुन्या यांत्रिक पंपाची की कॉमन रेलची (नवी, संगणकानं इंजेक्शन सांभाळणारी), भरल्यावर किती अंतरानं त्रास सुरू झाला, धूर कसला आणि शेवटी सापडलं काय, एवढं लिहा. अंतर मुद्दाम विचारतोय. पाणी डिझेलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी बसतं आणि ओढणारा पाइपही तळाजवळच असतो. म्हणून पाणी असेल तर गाडी लवकर बोंबलते. कचरा असेल तर फिल्टर हळूहळू भरतो. सपाटीला कळत नाही, चढ लागला की दम सुटतो. पंपाचं नाव लिहू नका, भांडणं नकोत.

सहाचाकीचा चालक, महाड

जुन्या पंपाची गाडी. रात्री मुसळधार पावसात डिझेल भरलं, पोलादपूर सोडून कशेडीच्या जुन्या घाटाला लागलो आणि मिसिंग सुरू, म्हणजे इंजिन ठोके चुकवायला लागलं. पांढरा धूर, धक्के. वॉटर सेपरेटरचा (डिझेलातलं पाणी वेगळं धरणारं भांडं) खालचा स्क्रू सोडला तर आधी नुसतं पाणीच आलं. पंपावर जाऊन भांडायच्या तयारीत होतो, पण माझ्या पुढंमागं तिथंच भरलेल्या दोन ओळखीच्या गाड्या ठणठणीत चिपळूणला पोचलेल्या. मग टाकीचं झाकण बघितलं. रबर कडक होऊन चिरलेलं, आणि टाकीवर झाकणाभोवती पाणी साचायला वाटीसारखा खोलगट पोचा. पाऊस तिथूनच आत जात होता. नवीन रबर किरकोळ पैशात आलं, टाकी धुवायला मात्र अख्खा दिवस गेला.

तीन गाड्यांचा मालक, कराड

आमचा किस्सा ऐकून फिटरनं आधी मान हलवली. गाडी टाकी फुल केल्यावरच त्रास द्यायची. अर्धी टाकी असली की खंबाटकी आरामात चढायची. ड्रायव्हर म्हणायचा, "मालक, हिला पोटभर चालत नाही." डिझेल भरायचे पंप बदलून पाहिले, फिल्टर बदलले, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले. शेवटी घाटात गाडी दमल्यावर ड्रायव्हरनं टाकीचं झाकण उघडलं, तर जोरात फस्स आवाज करून हवा आत गेली आणि गाडी सुतासारखी सरळ! झाकणातलं हवेचं भोक चिखलानं बुजलं होतं. टाकी भरलेली असली की वर हवेला जागा थोडी, म्हणून चार-पाच लिटर जळताच आत ओढ तयार होते. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, तिला फैलावायला वाव मिळतो आणि त्रास कळून येत नाही. टाचणीनं भोक साफ केलं.

धागाकर्ता

हा नमुना माझ्या यादीत सगळ्यात वर ठेवतो. झाकण सैल करून थोडं चालवून बघायला खर्च शून्य. याच्या उलटाही प्रकार असतो. टाकीतल्या पाइपाला मध्ये कुठं बारीक चीर असली, तर पातळी तिच्याखाली गेल्यावर हवा ओढते आणि डिझेल भरलं की गाडी आपोआप बरी होते. मग लोक म्हणतात, "या पंपाचं डिझेल भारी."

क्लीनर होतो, आता ड्रायव्हर (नवी मुंबई)

बीएस-६ गाडी, म्हणजे नव्या प्रदूषण नियमाची; हिला धूर साफ करायला युरियाचं पाणी वेगळ्या टाकीत लागतं. ढाब्यावर नवीन पोरानं त्या युरियाची २० लिटरची बादली सरळ डिझेलच्या टाकीत नळी लावून ओतायला सुरुवात केली. युरियाच्या टाकीचं निळं झाकण पलीकडं होतं, पण अंधार. उस्ताद ओरडत धावले, पण ते पोरावर नाही, केबिनमध्ये बसलेल्या माझ्यावर: "चावीला हात लावू नको!" चावी फिरवली असती तर ते पाणी लाइनमध्ये, हाय प्रेशर पंपात आणि इंजेक्टरपर्यंत गेलं असतं. टाकी उतरवून धुतली, तेवढ्यावर भागलं. पंपावरची युरियाची नोझल डिझेलच्या नोझलपेक्षा बारीक असते, पण बादली आणि नळीला कसली अडचण?

कांदा गाडी, लासलगाव

जानेवारीत श्रीनगरचा माल होता. टाकी पठाणकोटला फुल केली. बोगदा ओलांडून काझीगुंडला रात्र काढली, सकाळी गाडी सुरू होऊन लगेच बंद. फिल्टर काढला तर आत मेणासारखा लगदा. भेसळ म्हणावी तर डिझेल स्वच्छ पिवळं. तिथल्या ड्रायव्हरांनी हसून सांगितलं, खालचं डिझेल वर आणलं की असंच होतं. आपल्या मानकात हिवाळी डिझेलला फिल्टर तुंबण्याची मर्यादा ६ अंश आहे, उन्हाळी डिझेलला १८. तिथं पारा शून्याखाली. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये आणलं, ते यासाठीच. टाकीखाली स्टोव्ह पेटवणारे पाहिले, मला ते धाडस झालं नाही. फिल्टरवर गरम पाणी ओतलं, नवा फिल्टर लावला, ऊन येईपर्यंत थांबलो.

पंपावर मॅनेजर, विदर्भ

आमचीही बाजू ऐका. डिझेलवाले येऊन फिल्टर पेपर मागतात. तो पेट्रोलसाठी, थेंब उडून गेला आणि डाग राहिला नाही तर ठीक. डिझेलचा डाग राहतोच, त्यातून काय ठरवणार? "इथेनॉलमुळं पाणी सुटलं" हेही ऐकतो. तेही पेट्रोलमध्ये मिसळतात. तुम्ही घनता बघायला मागा. १५ अंश तापमानाच्या हिशेबात आणलेली घनता टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी ताडतात, घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नको. जमिनीखालच्या टाकीत पाणी आहे का हे गजाला पेस्ट लावून कळतं, रंग बदलतो. डिझेल पुरेपूर येतंय का हे बघायला ५ लिटरचं माप मागणं हा तुमचा हक्क. आणि टँकर नुकताच रिकामा होत असेल तर थोडा चहा प्या, तळाचा गाळ ढवळलेला असतो.

धागाकर्ता

चहाचं पटलं. भांडायला जायचं असेल तर पावती ठेवा आणि फिल्टरातलं पहिलं डिझेल फेकू नका, स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून तासभर उभं करा. पाणी खाली वेगळं दिसेल.

जुन्या गाडीला माझी एकच चाचणी: टाकीकडून येणारी आणि परत जाणारी, दोन्ही नळ्या सोडायच्या, खात्रीच्या डिझेलच्या कॅनमध्ये बुडवायच्या, हँड प्राइमरनं (हातानं दाबायचा छोटा पंप) लाइनमधली हवा काढायची आणि गाडी चालू करायची. कॅनवर नीट चालली तर दोष टाकीत, झाकणात किंवा टाकीच्या लाइनमध्ये. कॅनवरही तशीच अडखळली तर पंपवाल्याचं नाव घेणं थांबवा आणि पुढं बघा. कॉमन रेलला हे रस्त्यावर करू नका. स्कॅनर लावून रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचा दाब, बघा.

टेम्पोवाला, जालना

दादा, माझी चारचाकी टेम्पो, जुन्या पंपाची. फिल्टर बदलला, त्याच दिवशी डिझेल भरलं. थंड असताना झकास, तासाभरानं गरम झाली की रेस खाली-वर होते. सेपरेटर कोरडा, झाकण उघडं ठेवून पाहिलं, फरक नाही. कॅनवर उद्या लावतो. त्याआधी काय बघू?

धागाकर्ता

फिल्टरच्या बंजो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर, तिथून हवा ओढत असेल. जुनेच परत लावलेत का, ते आधी सांगा.