नदीसाठी सोडलेल्या पाण्याला काय म्हणावे? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांच्या वडोदऱ्यातल्या वस्त्यांची नावे दिली आहेत.)

मांजलपूर : भरूचजवळच्या नर्मदेविषयीचे एक इंग्रजी टिपण मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आहे आणि एका शब्दापाशी मी चार दिवस अडले आहे. धरणाच्या खाली नदी जिवंत राहावी, म्हणून तिच्यात केव्हा, किती आणि किती दिवस पाणी सोडायचे हे आधी ठरवतात. त्या पाण्यासाठी मी ‘पर्यावरणीय विसर्ग’ असे लिहिले होते. मुद्रिते तपासणाऱ्या माझ्या मावशींनी तो शब्द खोडला. विसर्ग म्हणजे नकोसे झालेले बाहेर टाकणे, असे त्यांचे म्हणणे आहे. मी मात्र हा शब्द लहानपणापासून धरणांच्या बातम्यांत वाचत आले आहे. तो खरोखर चुकीचा आहे का, आणि असल्यास दुसरा कोणता घ्यावा?

निजामपुरा : चुकीचा मुळीच नाही. महाराष्ट्रात पाटबंधाऱ्याच्या कामावर माझी नोकरी झाली आणि ‘सांडव्यातून विसर्ग सुरू’ हे शब्द मी स्वतः असंख्य वेळा फळ्यावर लिहिले आहेत. ‘वि’ उपसर्ग आणि ‘सृज्’ धातू, म्हणजे सोडणे. विसर्जन त्याच घरातले आहे आणि गणपतीचे विसर्जन करताना आपण नकोसे काही टाकत नाही. तरीही मावशींच्या शंकेत तथ्य आहे, कारण आमच्याकडे विसर्ग हा शब्द मुख्यतः धरण भरल्यावर ऐकू येई; धरणाला न पेलणारे पाणी, असा त्याला वास आहे. नदीला पाण्याची खरी गरज असते ती धरण उतरू लागल्यावर. म्हणून मी ‘आवर्तन’ सुचवतो. कालव्याला रब्बीची आणि उन्हाळी आवर्तने देतात, त्यांच्या तारखा आधी ठरतात, त्यामुळे नियोजनाचा अर्थ त्या शब्दात आपोआप येतो.

दांडिया बाजार : साधे ‘पाणी सोडणे’ असताना संस्कृताकडे का जायचे, असे मी आधी लिहिणार होतो, पण माझ्या आजीची आठवण झाली आणि थांबलो. ती दान देताना हातावरून उदक सोडत असे. उदक सोडले की त्या वस्तूवर आपला हक्क उरत नाही, असे ती सांगे. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे हा वाक्प्रचार तिथूनच आला. ‘नदीसाठी पाणी सोडले’ आणि ‘नदीवर पाणी सोडले’ या दोन वाक्यांत एवढाच फरक आहे, आणि अर्थ पार उलटा होतो. माझा खरा आक्षेप दान या कल्पनेला आहे. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये २८ दशलक्ष एकर-फूट पाणी वाटले : मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५ आणि महाराष्ट्राला ०.२५. बेरीज करून पाहा, पुरी २८ भरते. त्यात नदीच्या नावाचा पाचवा वाटा नाही. वाटाच नसेल तर तिला जे मिळेल ते दानच ठरते. दक्षिण आफ्रिकेच्या १९९८ च्या जलकायद्यात माणसांच्या मूलभूत गरजेचे आणि नदीच्या जीवसृष्टीचे पाणी आधी बाजूला काढून ठेवावे लागते. म्हणून ‘नदीचे राखीव पाणी’ म्हणावे.

प्रतापनगर : ‘पिण्यासाठी राखीव’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते पाणी धरणातच थांबलेले असते. नदीचे पाणी वाहायला हवे, त्यामुळे ‘राखीव’ इथे उलटाच अर्थ देईल. ‘पर्यावरणीय प्रवाह’ रुळलेला आहे, तो मोडू नये. आणि तो जड वाटत असेल तर सरळ इंग्रजी ‘एन्व्हायर्न्मेंटल फ्लो’चे लघुरूप ‘ई-फ्लो’ लिहावे. क्युसेक आणि टीएमसी पचवलेल्या मराठीला हे एक अक्षर जड जाणार नाही.

रावपुरा : ज्या वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा अनेकभाषी कोश करवून घेतला, तिथे बसून ‘ई-फ्लो’ लिहायला माझा हात धजत नाही. पण ‘आवर्तना’लाही माझा तितकाच विरोध आहे. कालव्याचे आवर्तन म्हणजे दार उघडायचे, ठरलेले दिवस पाणी द्यायचे आणि दार बंद करायचे. नदीशी असे वागलो तर पाणी चढताना काठापर्यंत आलेले मासे दार मिटताच चिखलात अडकतील. हिलसा मासळी पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आला की समुद्रातून वर चढते. उन्हाळ्यात मात्र खारे पाणी आत शिरू नये म्हणून अखंड धार लागते. या दोन वेगळ्या गरजा आहेत, म्हणून शब्दही दोन असावेत : ‘धार’ आणि ‘लोंढा’.

निजामपुरा : आपण आवर्तन फक्त कालव्यापुरते पाहता आहात. तबल्यातल्या आवर्तनात ‘सम’ असते, ‘खाली’ म्हणजे रिता भागही असतो, आणि सगळे मिळून एक आवर्तन पुरे होते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये वरच्या गंगेसाठी जे प्रमाण ठरवले ते पाहा : नोव्हेंबर ते मार्च मासिक सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मे यांत २५, जून ते सप्टेंबर ३०. हे वर्षाचे आवर्तन नाही तर काय आहे?

मांजलपूर : मावशींना सर्व वाचून दाखवले. पावसाळ्यापुरता ‘विसर्ग’ त्यांना आता चालेल, परंतु शीर्षकात मला एकच शब्द घालायचा आहे, दोन किंवा तीन नाही.

दांडिया बाजार : ‘धार’ घ्या. माझे वडील आपल्या शहरातल्या विश्वामित्री नदीविषयी ‘होळीनंतर धार तुटते आणि मगरी डोह धरतात’ असे म्हणत. नदी आटली असे ते म्हणत नसत, कारण डोहांत पाणी असेच. तुटे ती एका डोहातून दुसऱ्या डोहात जाणारी धार.

प्रतापनगर : आमच्या घरी ‘धार तुटणे’ फक्त दूध काढताना ऐकले आहे, नदीबाबत कधीच नाही. शिवाय आज विश्वामित्रीची धार उन्हाळ्यातही तुटत नाही, कारण तिच्यात शहराचे सांडपाणी येते. ब्रिस्बेनच्या २००७ च्या घोषणापत्रातल्या पर्यावरणीय प्रवाहाच्या व्याख्येत पाण्याचे प्रमाण, वेळ आणि गुणवत्ता ही तिन्ही आहेत. ‘धार’ या शब्दात गुणवत्ता कुठे आहे?

रावपुरा : ती ‘प्रवाह’ या शब्दात तरी कुठे आहे?