मदत हवी आहे: केळीची बाग परिसंस्था म्हणून शिकवू का?

मंडळी, रावेरकडे बारावीला जीवशास्त्र शिकवते. एकाच जातीचा अभ्यास ती स्वपारिस्थितिकी, अनेक जातींचा एकत्र तो समुदाय पारिस्थितिकी, हे पोरं घडाघडा म्हणतात. उदाहरण विचारलं की गप्प! यावलच्या जंगलातला साग उन्हाळ्यात पानं का गाळतो, हे पहिल्यात बसवलं. दुसऱ्यासाठी केळीची बाग चालेल का? पीक एकच, पण मातीत गांडुळं, पानावर करप्याची बुरशी, घडावर फुलकिडे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ टान्स्लेने १९३५ मध्ये मांडलेल्या परिसंस्थेत सजीवांबरोबर निर्जीव घटकही येतात. मग ठिबकचं पाणी आणि युरियाही धरायचा ना? (पोरांना युरियाचं गणित माझ्यापेक्षा पक्कं.)

शिवाय सागाच्या जंगलात झाडं मोजायला किती मीटरचा चौरस आखावा? वनखात्यातलं कोणी असेल तर सांगा. दोरी-खुंट्या आणून ठेवल्यात.